झाडाखालची जमीन हिरवी कशी राखाल?

कोरेगाव भीमा, सणसवाडी, शिक्रापूर या पट्ट्यातली घरे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पार बदलली. नगर रस्त्याच्या दोन्ही अंगांना कारखाने आले, पत्र्याची व मातीची घरे गेली आणि मळ्यामळ्यांतून स्लॅबचे बंगले उभे राहिले. तरी दारचा कडुनिंब आणि परसातला आंबा मात्र पुष्कळांनी राखला, ही समाधानाची गोष्ट आहे. आता प्रश्न उरतो तो त्या झाडाखालच्या उघड्या जमिनीचा. उन्हाळ्यात तेथून धूळ उडून घरात येते. पावसाळ्यात पानांवरून ठिबकणाऱ्या पाण्याने माती धुपते आणि चिखल ओसरीपर्यंत पोहोचतो. घरची बाई रोज झाडून झाडून तिथली चांगली माती बांधाकडे लोटते, आणि पाच-सात वर्षांत झाडाच्या मुळ्या उघड्या पडतात.

अशा जागी हिरवळ लावावी, असे पहिल्यांदा सर्वांच्याच मनात येते. पण हरळी हे उन्हाचे गवत आहे. जी हरळी उसाच्या बांधावर निपटून निघत नाही, तीच आंब्याखाली लावली तर सहा महिन्यांत विरळ होते. सावलीत तिला वाढच नाही. मग कोणीतरी शहरातल्या बागेत किंवा चित्रात पाहिलेली 'आयव्ही' सुचवतो, आणि उरुळी कांचनच्या रोपवाटिकांकडे गाडी वळते.

या आयव्हीविषयी थोडे सांगितले पाहिजे. हेडेरा हेलिक्स हे तिचे शास्त्रीय नाव. ती मूळची युरोपातली. पानाला तीन किंवा पाच कोन असतात, पान जाड व चकचकीत असते आणि बारमाही हिरवे राहते. जमिनीवर पसरली की प्रत्येक सांध्याला मुळ्या धरते. भिंत किंवा खोड मिळाले की बारीक चिकट मुळ्यांनी वर चढते आणि उजेडात पोहोचल्यावरच तिला फुले येतात. त्या फांद्यांची पाने निराळी, बिनकोनी असतात, त्यामुळे एकाच वेलीवर दोन तऱ्हेची पाने पाहून नवख्या माणसाला दोन वेली वाटतात. तिकडे हिवाळ्यात बहुतेक झाडे उघडी पडतात, बर्फ पडते, तेव्हाही ही सावलीत हिरवी राहते. त्यामुळे त्या लोकांना तिचे कौतुक. हिमालयातही तिची एक बहीण आपणहून वाढते. (इंग्रजीत आपल्या तोंडलीलाही 'आयव्ही गोर्ड' म्हणतात, तेही पानाच्या आकारावरून. बाकी दोघींचे काही नाते नाही, आणि तोंडली सावलीत लावाल तर तोंडल्यांवर पाणी सोडावे लागेल!)

पण वाचकहो, जी वेल थंडीत टिकते ती आपल्या वैशाखात टिकेलच असे नाही. शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके पर्जन्यछायेतले. चैत्र-वैशाखात पारा चाळिसाच्या घरात जातो, हवा कोरडी असते, वारा भाजणारा असतो. अशा हवेत आयव्हीवर लाल कोळी पडतो. पानाच्या खालच्या बाजूला बारीक जाळे दिसते, वरून पान राखट-पिवळे होते आणि पाहता पाहता वेल वाळते. त्यात बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर पानांच्या कडा आधीच करपलेल्या असतात. म्हणून जमिनीवर पसरण्यासाठी या भागात आयव्ही लावू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. हौसच असेल तर कुंडीत लावा. दिवाळीनंतर रोप आणा. आणताना पाने उलटून पाहा. पांढऱ्या-हिरव्या चट्ट्यांच्या जातीपेक्षा साधी हिरवी, लहान पानांची जात घ्या, कारण चट्टेदार जातींना उजेड जास्त लागतो आणि त्या सावकाश वाढतात. उन्हाळ्यात कुंडी घराच्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवा आणि पानांवर खालच्या बाजूनेही पाणी मारा. तिची फळे विषारी असतात आणि चिकाने काहींच्या कातडीला खाज सुटते, तेव्हा लहान मुलांच्या हाताशी ती नको. जिथे ती मानवते तिथे तर तिचा उच्छाद होतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०१० साली तिच्या विक्रीवर बंदी घातली, कारण तिने तिथली जंगले झाकून टाकायला सुरुवात केली होती.

आपल्याला सावलीतला सदाहरित वेल काही नवा नाही. पानमळा आठवा. शेवरी, पांगारा, शेवगा यांच्या सावलीत नागवेल वाढवायची कला महाराष्ट्राला पिढ्यान्‌पिढ्या अवगत आहे. अमरावती जिल्ह्यात अंजनगाव सुर्जीकडे अशाच सावलीत पानपिंपळी घेतात. ती तर जमिनीवर सरपटते, सांध्यासांध्याला मुळ्या धरते, हृदयाच्या आकाराच्या पानांनी जमीन झाकते आणि वर औषधी फळही देते. अंजनगावचा उन्हाळा आपल्यापेक्षा कडक आहे. तिथे सावली आणि नियमित ओल यांच्या जोरावर ही वेल जगते, तर भीमेच्या काठी ती का जगू नये? आयव्हीची हौस ज्याला देशी रीतीने भागवायची आहे, त्याने पानपिंपळीकडे पाहावे. मात्र तिला ओल सतत हवी आणि पाणी साचलेले चालत नाही, हे ध्यानात ठेवा.

सावली सावलीत फरक आहे

रोप निवडण्याआधी आपली सावली ओळखली पाहिजे. पुष्कळांची निराशा इथेच होते.

आंब्याची सावली दाट आणि बारमाही. खाली वरच्या थरात बारीक मुळ्यांचे जाळे असते. मुख्य म्हणजे आंब्याला मोहोर येण्यापूर्वीचे दोन-तीन महिने पाण्याचा ताण लागतो. आता तुम्ही त्याच्याखाली रोज पाणी मागणारी वेल लावली आणि आश्विन-कार्तिकात तिला पाणी देत राहिलात, तर आंबा मोहोराऐवजी पालवी काढील. झाडाखाली शोभा आली आणि घरचा आंबा गेला, असला व्यवहार शेतकऱ्याने करू नये. फळाच्या आंब्याखाली म्हणून ताण सोसणारीच झाडे लावावीत.

कडुनिंबाची सावली विरळ. माघ-फाल्गुनात पाने झडली की काही दिवस ऊन थेट जमिनीवर येते, पण लगेच नवी पालवी फुटते. झडलेला पाला तिथेच राहू द्या. चिंचेखाली मात्र फारसे काही येत नाही, हा जुना अनुभव आहे. दाट सावली, आणि पाला-मुळ्यांतून उतरणारे द्रव्य इतर रोपांना मानवत नाही, असे सांगतात. तिथे खटपट न करता दगडी ओटा बांधलेला बरा.

लिंबू-मोसंबीखाली काहीही लावताना खोडाभोवती हातभर जागा उघडी व कोरडी ठेवा. ओलसर पाला खोडाला टेकून राहिला की डिंक्या लागतो, आणि मग झाडच हातचे जाते. या बाबतीत हयगय नको.

उरली घराच्या उत्तरेची भिंत. इंग्रजी पुस्तकांत उत्तरेची बाजू म्हणजे कायमची सावली असे धरलेले असते. ते त्यांच्या देशात खरे आहे, आपल्या नाही. आपण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशाच्या जवळपास राहतो. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो, आणि उगवताना-मावळताना तर चैत्रापासून भाद्रपदापर्यंत तो उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणजे उत्तरेच्या भिंतीलगत जे दहा महिने सुखात वाढले, ते नेमके मेअखेरीच्या कडक उन्हात सापडते आणि 'काल तर बरे होते' असे म्हणायची पाळी येते. या दिवसांत तिथे जुन्या साडीचे किंवा पाचटाच्या तट्ट्याचे आडोसे करा. पाऊस नीट बसला की काढून टाका.

काय लावावे

सर्वांत आधी पानओवा. याची पाने जाड, लवदार, चुरडली की ओव्याचा वास येतो, आणि भजी तर सर्वांनी खाल्लेलीच असतात. अर्ध्या सावलीत हा उत्तम पसरतो, पाण्याचा ताण सोसतो, बोटभर कांडी मातीत खोचली की लागते. घरात सर्दी-खोकल्याला पान हाताशी राहते ते वेगळेच. आंबा आणि कडुनिंब या दोहोंखाली पहिली निवड आम्ही याचीच करू. अगदी दाट अंधाऱ्या सावलीत मात्र तो उंच, लुकडा होतो. तिथे क्लोरोफायटम लावा. हे पांढऱ्या मुसळीच्या जातकुळीतले, गवतासारख्या लांब पानांचे झाड आहे. मुळ्या मांसल असल्यामुळे चार दिवस पाणी चुकले तरी तग धरते. त्याला लांब दांड्यावर पिले येतात, ती तोडून लावली की झाले. एका कुंडीतून वर्षभरात पन्नास रोपे सहज होतात, तेव्हा रोपवाटिकेत पैसे घालवू नका.

मोरीच्या किंवा नळाच्या बाजूला, जिथे ओल कायम असते, तिथे कारिवणा लावावा. याला मंडूकपर्णी असेही नाव आहे. पान बेडकाच्या पायासारखे गोलसर, वेल जमिनीला चिकटून धावते, आणि पंधरा सेंटिमीटरवर एकेक कांडी लावली तर एका पावसाळ्यात जमीन दिसेनाशी होते. याला काही जण ब्राह्मी म्हणतात. खरी ब्राह्मी, म्हणजे जाड बारीक पानांची आणि पाणथळीत वाढणारी, ती निराळी. दोन्ही ओलीच्या आहेत, पण सावली कारिवण्याला अधिक सोसते. ही पाने पोटात घ्यायची असतील तर मोरीजवळची घेऊ नका, आणि औषध म्हणून घ्यायची असतील तर वैद्याला विचारून घ्या. साबणाचे पाणी थेट कशाच्याही मुळाशी साचू देऊ नये. ते शोषखड्ड्याकडे न्यावे आणि खड्ड्याच्या कडेच्या ओलीवर झाडे जगू द्यावीत. परसातले अळू आपल्या आज्यांनी याच हिशोबाने लावले होते.

मनी प्लांट आणि सिंगोनियम या वेली सर्वांना ठाऊक आहेत. बाटलीत वाढणारा मनी प्लांट मोठ्या झाडाखाली जमिनीवर सोडला तर गालिचासारखा पसरतो. पण खोड सापडले की वर चढतो, वर त्याची पाने सुपाएवढी होतात आणि झाडावर ओझे पडते. खोडावर चढलेला शेंडा दरवेळी खाली ओढून घ्यावा लागतो. शिवाय दोन्ही अळूच्या कुळातल्या. पाने चावली तर तोंडाला, घशाला आग होते. गोठ्यातले करडू मोकळे सुटते आणि दिसेल त्याला तोंड लावते, तेव्हा गोठ्याच्या बाजूला या नकोत. पानफुटीही नको. ती कोरड्या सावलीत सुरेख वाढते, एका पानाच्या कडेला दहा रोपे फुटतात, पण गुरांना ती विषारी आहे.

जांभळ्या-चंदेरी पट्ट्यांची झेब्रिना सावलीत छान दिसते. तिला एकच खोड आहे, पायाखाली सहन होत नाही. आणि वेडेलिया? पिवळ्या फुलांची ही वेल हल्ली सर्वत्र विकतात, रस्त्याच्या दुभाजकांवरही दिसते. आम्ही ती शेतकऱ्याच्या घरी लावण्याच्या विरुद्ध आहोत. मूळची ती अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातली. जगातल्या सर्वांत उपद्रवी परकीय जातींच्या यादीत तिचे नाव आहे. कांडी पडेल तिथे ती रुजते. परसातून पाटात, पाटातून बांधावर, बांधावरून उसात जायला तिला दोन पावसाळे पुरतात. गाजरगवताचा आणि घाणेरीचा अनुभव गाठीशी असताना तिसरे दुखणे विकत कशाला घ्यायचे? तिचाच भाऊ शोभेल असा आपला पिवळा माका आहे. मिळाला तर ओलसर अर्ध्या सावलीत तो लावा.

बारमाही हिरवेपणाचा हट्ट नसेल तर हळद आणि आंबेहळद यांच्यासारखे दुसरे काही नाही. अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत लावावी, पावसाळाभर पाने डोलतात, आणि पौष-माघात पाने वाळली की घरापुरती हळद निघते. मोकळ्या जागेत त्या काळात पाचट पसरावे. सुरणही असाच. घरधनी शोभेपेक्षा उत्पन्नाकडे पाहणारा असेल तर त्याचे समाधान इथे होते, आणि घरात वाद होत नाहीत.

लावणी

झाडाखाली कुदळ चालवू नका. वरच्या वीतभर मातीतच झाडाच्या खाणाऱ्या मुळ्या असतात. खुरप्याने जागोजाग ओंजळीएवढे खळगे करा, त्यात मुरलेले शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत मिसळा आणि कांड्या लावा. साध्या तीन-चार पेरांच्या कांड्या पुरतात. दोन पेरे मातीत, बाकी वर. अंतर वीतभर ठेवले तर वर्षात झाकते, हातभर ठेवले तर दोन वर्षे लागतात आणि मधल्या काळात खुरपणी वाढते. मृगाचा पाऊस पडून जमीन गार झाली की लावावे. आर्द्रेपर्यंत चालते. सर्व जागेवर मातीचा थर टाकून मुळ्या बुजवण्याचा मोह टाळा, आणि खोडाशी तर माती चढवूच नका.

कांड्यांच्या मधल्या जागेत उसाचे पाचट अंथरा. शिरूर-दौंडात पाचटाला काय तोटा! शेतात ते पेटवून देतात आणि घरी झाडाखाली उघडी जमीन ठेवतात, हे कोडे आम्हाला उलगडत नाही. तण दबते, ओल टिकते, दीड-दोन वर्षांत कुजून खत होते आणि तोवर वेली त्यावरून पसरतात. घराच्या भिंतीपासून मात्र ते दूर ठेवा, वाळवीला ती मेजवानी असते.

कोंबड्यांचे काय, असे कोणी विचारील. नव्या लावणीचा सर्वांत मोठा शत्रू कोंबडीच. एका दुपारी ती सगळ्या कांड्या उकरून ठेवते. बाभळीच्या काटेरी फांद्या दोन महिने वर पसरून ठेवा. रोपे त्यांच्यातून वर येतात, मग फांद्या उचला.

पाण्याचा हिशोब आधी करा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद जागा म्हणजे सुमारे नऊ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी म्हणजे एक मिलिमीटर पाऊस. वीस मिलिमीटर ओल द्यायची तर एका पाळीला एकशे ऐंशी लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या बारा बादल्या लागतात. उन्हाळ्यात आठवड्याला एक पाळी धरली तर कारिवणा आणि पानपिंपळी यांना ती अपुरी पडेल, पानओव्याला आणि क्लोरोफायटमला पुरेल. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, २०१२-१३ आणि २०१८-१९ साली ज्यांच्या दारात टँकर आला, त्यांना बारा बादल्यांची किंमत सांगायला नको. ज्या वर्षी प्यायचे पाणी विकत घ्यावे लागते, त्या वर्षी या वेलींना आंघोळीच्या पाण्याखेरीज काही देऊ नये. वाळल्या तर वाळू द्याव्यात. पानओव्याच्या दोन कांड्या कुंडीत जिवंत ठेवल्या की पुढच्या मृगात सगळे पुन्हा उभे राहते.

विंचूकाट्याची भीती

घरातली म्हातारी माणसे म्हणतात, 'हा जुंबाडा दारात नको, साप बसेल.' त्यांचे बोलणे हसण्यावारी नेऊ नका. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही विषारी साप आपल्या महाराष्ट्रात आहेत. दाट, ओलसर आच्छादनात बेडूक व उंदीर येतात, आणि त्यांच्यामागे साप. म्हणून घराच्या पायापासून तीन फूट पट्टा उघडाच ठेवा. त्यावर फरशी किंवा मुरूम टाका. दारासमोर, बाज टाकण्याच्या जागेजवळ, कडब्याच्या गंजीशी, कोंबड्यांच्या खुराड्याभोवती आणि रात्री लघवीला जायच्या वाटेवर काहीही पसरणारे लावू नका. वेल घोट्याच्या वर वाढू देऊ नये. वाढली की विळ्याने छाटावी. छाटताना आधी काठीने चाळवून घ्या, अनवाणी शिरू नका आणि पाला हाताने उचलू नका. रात्री बॅटरीशिवाय त्या बाजूला जाऊ नये. मण्यार जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश पुष्कळदा कळतही नाही, तेव्हा पावसाळ्यात जमिनीवर झोपणे टाळावे, मच्छरदाणी गादीखाली खोचावी. दंश झालाच तर कापाकापी, चोखणे, घट्ट आवळपट्टी यात वेळ न दवडता, अवयव न हलवता, गाडी करून थेट सरकारी रुग्णालयात न्या. सापाच्या विषावरची लस तिथेच मिळते.

डासांसाठी वेलींना दोष देतात, तो तितकासा खरा नाही. डास साचलेल्या पाण्यात होतात. वेलीत दडलेली करवंटी, फुटकी बादली, कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा उपडी करा. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, थोड्याशा पाण्यात वाढतो.

दुसऱ्या वर्षी मृगाच्या आधी सगळ्या वेली एकदा बोटभर उंचीवर छाटून घ्याव्यात, वर चाळलेल्या शेणखताचा हलका थर द्यावा आणि पाऊस पडेपर्यंत थांबावे. छाटलेल्या कांड्या टाकू नका. टोपलीत ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवल्या तर दोन दिवस टवटवीत राहतात, शेजारच्या वस्तीवर द्यायला होतात.